उपासनेचें घर आणि त्याच्या भिंती



सुगी आटोपली, कापूस विकला गेला, हातांत चार पैसे आले, म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एक बोलणें हटकून निघतें: यंदा उपासनामंदिर बांधूं या. कोणी म्हणतो, शहरांतल्यासारखा उंच मनोरा पाहिजे. कोणी म्हणतो, मनोरा राहूं द्या, आधीं डोक्यावर छप्पर तरी येऊं द्या. या धड्यांत आपण त्याच्याहि आधींच्या एका प्रश्नाचा विचार करूं. देवाच्या भक्तीसाठीं माणसांनीं जीं घरें बांधिलीं, त्यांचा आकार तसाच कां झाला, आणि त्या आकारानें आंत येणाऱ्यास व बाहेर राहणाऱ्यास काय शिकविलें? उपदेशक आठवड्यांतून एकदां उपदेश करितो. भिंती, दारें व पायऱ्या रोज करितात. त्यांचा उपदेश काय आहे, हें बांधण्यापूर्वींच समजून घेतलेलें बरें.

१. जशी भक्ति तसा आकार

आपल्या वऱ्हाडांतच याचे दाखले आहेत. लोणार येथील दैत्यसूदनाचें मंदिर किंवा अकोल्याजवळील बार्शीटाकळीचें कालिकादेवीचें मंदिर ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हेमाडपंती बांधणी ठाऊक आहे. यादव राजांचा १३ व्या शतकांतील प्रधान हेमाद्रि याच्या नांवावरून तिला हें नांव पडलें. चुना न घालतां दगडाला दगड असा बसविलेला असतो कीं, तो शतकानुशतकें हालत नाहीं. अशा मंदिराचा गाभारा लहान व अंधारा असतो, कारण तें मूर्तीचें निवासस्थान आहे. भक्त येतो, दर्शन घेतो आणि निघून जातो. सर्व गांवानें एकाच वेळीं गाभाऱ्यांत बसावें, अशी तेथें अपेक्षाच नसते.

मशिदीची रचना निराळी. तेथें नमाज पढणारे लोक रांगेनें मक्केच्या दिशेस तोंड करून उभे राहतात. आपल्या देशांत ती दिशा पश्चिमेची, म्हणून मशिदीच्या पश्चिमेच्या भिंतींत कमानीचा कोनाडा असतो, आणि इमारत बहुधा खोलीपेक्षां रुंदीला अधिक असते. रांग लांब झाली म्हणजे पुष्कळांस पुढें उभें राहतां येतें. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनीं गाविलगड किल्ल्यावरील जुनी मशीद अवश्य पाहावी.

तिसरा दाखला अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. तेथील दहावें लेणें ख्रिस्ताच्या जन्मापूर्वींचें असून तें बौद्धांचें चैत्यगृह आहे. तें सुमारें ९५ फूट लांब व ४१ फूट रुंद आहे. दोहों बाजूंस खांबांच्या रांगा आहेत आणि शेवटच्या अर्धवर्तुळांत स्तूप आहे. भिक्षूंनीं एकत्र जमावें, आणि खांबांच्या मागील वाटेनें स्तूपास प्रदक्षिणा घालावी, यासाठीं हा डोंगर कोरिला.

तीन धर्म, तीन आकार. प्रत्येक ठिकाणीं आधीं भक्तीची रीत ठरली व मग भिंती उभ्या राहिल्या. आपणहि प्रथम हेंच विचारावें: आपल्या उपासनेंत काय घडतें? आपण एकत्र जमतों, शास्त्रपाठ ऐकतों, प्रार्थना करितों, गीतें गातों, बाप्तिस्मा देतों आणि एका मेजापाशीं प्रभुभोजन घेतों. ज्या इमारतींत हीं कामें सर्वांना नीट करितां येतील, ती आपल्यासाठीं चांगली.

२. भिंतीबाहेरचा मनुष्य

शलमोनानें बांधिलेल्या मंदिराचें माप राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत दिलें आहे. तें साठ हात लांब, वीस हात रुंद व तीस हात उंच होतें. दीड फुटाचा हात धरिला तर लांबी ९० फूट व रुंदी ३० फूट होते. आपल्याकडील कापसाच्या एखाद्या गोदामाहून तें मोठें नव्हतें. याचें कारण उघड आहे. लोक आंत बसत नसत, ते अंगणांत उभे राहत. आंत याजक जात, आणि परमपवित्रस्थानांत केवळ प्रमुख याजक वर्षांतून एकदां जाई.

प्रभु येशूच्या काळीं हेरोदानें तें मंदिर फार वाढविलें, तेव्हां अंगणांचीहि उतरंड झाली. सर्वांत बाहेर परराष्ट्रीयांचें अंगण, त्याच्या आंत स्त्रियांचें, मग इस्राएलाच्या पुरुषांचें, मग याजकांचें. परराष्ट्रीयांच्या अंगणापुढें दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेंत ताकीद कोरलेली होती कीं, परका मनुष्य यापुढें आला तर आपल्या मरणाला तोच कारण होईल. ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हे. तसा एक दगड १८७१ सालीं यरुशलेमांत सांपडला व तो आतां इस्तंबूलच्या संग्रहालयांत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायांत पौलावर जमाव धांवून आला, तो याच कठड्यामुळें. त्यानें इफिसकर त्रफिमास आंत नेलें असा त्याच्यावर आळ होता. इफिसकरांस लिहितांना पौल मधली आडभिंत पडल्याचें सांगतो, तेव्हां तो दगड त्याच्या डोळ्यांपुढें असला पाहिजे.

अशी भिंत आपल्या लोकांना परकी नाहीं. संत चोखामेळा यांचें जन्मस्थान बुलढाणा जिल्ह्यांतील मेहुणा राजा हें होय, असें परंपरा सांगते. ज्या विठ्ठलाचा त्यांनीं जन्मभर धांवा केला, त्याच्या मंदिरांत त्यांस पाऊल ठेवितां आलें नाहीं. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करीत असतां भिंत कोसळली आणि तिच्याखालीं सांपडून १३३८ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांची समाधि पंढरपुरास महाद्वारासमोर आहे, म्हणजे दाराबाहेरच. गांवाची भिंत बांधावयास त्यांचे हात चालले. देवळाच्या भिंतीच्या आंत त्यांचे पाय चालले नाहींत.

ही गोष्ट सातशें वर्षांपूर्वींची म्हणून सोडून देतां येणार नाहीं. १९२७ सालीं आपल्या अमरावतींतच अंबादेवीच्या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानलेल्या बांधवांनीं चळवळ उभारिली. त्या वर्षीं नोव्हेंबरांत तेथें भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांचें या कार्यास पाठबळ होतें. १९३० सालीं नाशिकास काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरचें दार उघडावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींना उपोषण करावें लागलें. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांचे आजे व पणजे अशाच दारांबाहेर उभे राहून घरीं परतले आहेत. म्हणून दार, उंबरा व पायरी हे शब्द आपल्यापाशीं साधे राहिलेले नाहींत.

३. भिंत काढून झालेलें उपासनामंदिर

नव्या करारांत मंडळी हा शब्द माणसांना लाविला आहे, इमारतीला नाहीं. बोलावून एकत्र केलेले लोक, असा त्याचा अर्थ. पहिल्या ख्रिस्ती लोकांपाशीं स्वतंत्र इमारत नव्हती. फिलेमोनाच्या घरीं मंडळी जमत असे, हें त्याला लिहिलेल्या पत्राच्या आरंभींच आहे.

अशा एका घराचे अवशेष सुरिया देशांत फरात नदीच्या कांठीं, दुरा-युरोपस नांवाच्या पडक्या नगरांत १९३१-३२ च्या सुमारास खणून काढण्यांत आले. सुमारें २४० सालीं तें घर उपासनेसाठीं वापरांत आलें. बाहेरून तें शेजारच्या घरांसारखेंच होतें. मनोरा नाहीं, घुमट नाहीं. आंत दोन खोल्यांमधील भिंत पाडून मोठी खोली केली होती, एका टोकाला लहानसा ओटा होता, आणि दुसऱ्या एका खोलींत बाप्तिस्म्याचें कुंड होतें. जगांत सांपडलेल्या अगदीं जुन्या उपासनास्थानांपैकीं हें एक आहे, आणि तें करितांना बांधणाऱ्यांनीं पहिलें काम केलें तें मधली भिंत काढण्याचें. उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट आपल्या लोकांस जरूर सांगा.

३१३ सालीं रोमी साम्राज्यांत ख्रिस्ती लोकांचा छळ थांबून त्यांस मोकळीक मिळाली. मंडळ्या मोठ्या झाल्या व घरें अपुरीं पडूं लागलीं. तेव्हां त्यांनीं मूर्तिमंदिरांचा नमुना घेतला नाहीं. जेथें न्याय होई व व्यापाराचे व्यवहार चालत, अशा रोमी सभागृहांचा नमुना घेतला, कारण तेथें पुष्कळ लोकांस आंत जमतां येई. लांबट दालन, दोहों बाजूंस खांब, आणि टोकाला न्यायाधीशाच्या आसनाची अर्धवर्तुळ जागा. हा आकार अजिंठ्याच्या चैत्यगृहाशीं किती जुळतो पाहा! एकानें दुसऱ्याचें पाहून केलें असें मानण्याचें कारण नाहीं. दोघांनाहि पुष्कळ माणसें एका छपराखालीं आणावयाचीं होतीं, म्हणून दोघांना सारखीच वाट सुचली.

तथापि लांबट दालनाचा एक दोष कालांतरानें दिसून आला. पुढचा मनुष्य मेजाजवळ व मागचा दूर, अशी नवी उतरंड पडली. १६ व्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर कित्येक मंडळ्यांनीं व्यासपीठ लोकांच्या जवळ आणिलें, तें यासाठीं कीं, शास्त्रवचन शेवटच्या मनुष्याच्या कानीं पडावें.

४. आपल्या देशांतील इमारती

मुंबईतील सेंट थॉमस हें इंग्रजांचें देऊळ १७१८ सालीं उपासनेस खुलें झालें. कुलाब्याचें उंच मनोऱ्याचें देऊळ, ज्याला लोक अफगाण चर्च म्हणतात, तें पहिल्या अफगाण युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधिलें व १८५८ सालीं त्याचें समर्पण झालें. टोंकदार कमानी, उतरतें छप्पर, उंच खिडक्या, ही तऱ्हा इंग्लंडांतून आली. ज्या देशांत ऊन दुर्मिळ, तेथें मोठी खिडकी हें वरदान आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांपलीकडे जातो. येथें पश्चिमेची तीच खिडकी शिक्षा होते.

आकार परकाच असला पाहिजे असें नाहीं, हें पुढें कित्येकांनीं ओळखिलें. पेशावर येथें १८८३ सालीं बांधिलेलें देऊळ मशिदीच्या धर्तीवर आहे. तेलुगु प्रांतांत दोर्नकल येथें बिशप अझरया यांनीं उभारलेल्या देवळाचें समर्पण १९३९ सालीं झालें. त्यांत मंदिरासारखे खांब आहेत, मशिदीसारखे घुमट व मनोरे आहेत, आणि उपासना ख्रिस्ती आहे. आपल्या भूमीचा दगड व आपल्या गवंड्याचा हात यांनीं देवाचें गौरव होतें, हें तेथें पाहावयास मिळतें.

परंतु एक लाजिरवाणी गोष्टहि सांगितली पाहिजे. तामिळ प्रांतांत वडक्कनकुळम् नांवाच्या गांवीं १९ व्या शतकांत रोमन कॅथोलिक मंडळीनें असें देऊळ बांधिलें कीं, त्याला दोन दालनें होतीं व तीं वेदीपाशीं मिळत. एका दालनांत एक जात बसे, दुसऱ्यांत दुसरी. लोक त्याला विजारीच्या दोन पायांची उपमा देत. मधली भिंत २० व्या शतकाच्या आरंभीं पाडण्यांत आली. आपण प्रॉटेस्टंट आहों म्हणून हंसूं नये. मंडळींतील जातिभेद ताबडतोब सोडावा, असें कलकत्त्याचे बिशप विल्सन यांना १८३३ सालीं आपल्या मंडळ्यांस लिहावें लागलें, तें उगाच नव्हे. पाडलेली भिंत निजलेली असते, मेलेली नसते.

५. माझ्या हातून झालेली चूक

आतां स्वतःविषयीं सांगतों. पंधरा वर्षांपूर्वीं दर्यापूर तालुक्यांतील एका खेड्यांत मीं व मंडळीनें मिळून उपासनामंदिर बांधिलें. मीं शहरांतील एका देवळाचें चित्र पुढें ठेविलें होतें. निम्मा पैसा मनोऱ्यांत गेला. इमारत उठून दिसावी म्हणून जोतें उंच घेतलें व दारास सात पायऱ्या केल्या. पाया मात्र तीन फुटांवर थांबविला, कारण पैसे संपत आले होते. तिसऱ्या उन्हाळ्यांत जमीन फांकली आणि मनोऱ्याखालील भिंतीस हात जाईल एवढी भेग पडली.

भेग बुजवितां आली. दुसरी गोष्ट बुजवितां आली नाहीं. मंडळींतील एक म्हातारी बाई दर रविवारीं येई व बाहेर निंबाखालीं बसे. तिला वारा आवडतो असें मी समजत होतों. वर्षभरानें एकदां मीं विचारिलें, तेव्हां ती म्हणाली, "पायऱ्या चढनं होत नाई, पाळकसाहेब. आन् आमाले बाह्यरून आयकाची सवय हाये."

तिनें हें रागानें म्हटलें नाहीं, म्हणूनच तें मला अधिक लागलें. लहानपणीं जी दुसऱ्यांच्या दाराबाहेर उभी राहिली, तिला मीं ख्रिस्ताच्या नांवानें बांधिलेल्या घराबाहेर बसविलें होतें. ताकीद कोरलेला दगड मला लागला नाहीं. सात पायऱ्यांनीं तें काम केलें. पुढच्या महिन्यांत आम्हीं बाजूच्या दाराला उतार केला. त्यानंतर ती दोन वर्षें आंत, पहिल्या सतरंजीवर बसत असे.

६. बांधण्यापूर्वीं लक्षांत ठेवावयाच्या गोष्टी

पाया. लूकाच्या सहाव्या अध्यायांतील शहाणा मनुष्य खोल खणून खडकाला लागतो. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून फांकते. दरसालच्या या हालचालीनें भिंती तडकतात. म्हणून काळी माती ओलांडून मुरमापर्यंत पाया न्यावा. पूर्णेच्या खोऱ्यांत, खारपाणपट्ट्यांत, काळी जमीन फार खोल असते; तेथें बुडाशीं फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनींत उतरवितात. हें काम जाणत्या इंजिनियरास विचारूनच करावें. भिंतीभोंवतीं उताराची फरसबंदी करून पाणी दूर न्यावें, आणि मोठें झाड भिंतीजवळ लावूं नये, कारण त्याचीं मुळें ओल शोषून जमीन आकसवितात.

छप्पर. उघडा टिन स्वस्त असतो, पण दुपारीं तापतो, आणि पाऊस लागला कीं त्याच्या आवाजांत उपदेश बुडून जातो. टिन घालणेंच भाग असेल तर खालीं दुसरें आच्छादन करावें. जुन्या कवेलूंच्या छपरांतून गरम हवा निघून जाई. नव्या इमारतींतहि वरच्या अंगास झरोके ठेवावे. पश्चिमेस व दक्षिणेस ओसरी काढावी, म्हणजे भिंत सावलींत राहते.

आवाज. गुळगुळीत भिंती व फरशी आवाज परत फेंकतात आणि शब्द एकमेकांवर आदळतात. मोठा कर्णा लावून हा दोष जात नाहीं, वाढतो. सतरंज्या, पडदे व बसलेलीं माणसें आवाज शोषून घेतात. लांबट दालनापेक्षां रुंद दालन बरें. त्यांत शेवटची रांगहि बोलणाऱ्याच्या जवळ असते. बोलणाऱ्याच्या पाठीशीं खिडकी नसावी, नाहीं तर ऐकणाऱ्यांस उजेडांत त्याचें तोंड दिसत नाहीं.

दार. पायऱ्या थोड्या व बुटक्या असाव्या, आणि शेजारीं उतार असावा. एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार दिला म्हणजे काठी टेकणारा व चाकाच्या खुर्चींत बसणारा दोघेहि आंत येतात. दारें बाहेर उघडणारीं असावीं, म्हणजे गर्दींत कोणी चेंगरणार नाहीं.

बसण्याची जागा. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. सोन्याची आंगठी घातलेल्याला चांगली जागा व फाटक्या वस्त्राच्या माणसाला पायांपाशीं जागा, या रीतीचा तेथें निषेध आहे. कांहीं मंडळ्यांत पुढचीं खुर्च्यांची रांग देणगीदारांची असते व मागें सतरंजीवर बाकीचे. म्हाताऱ्यांस खुर्ची द्यावी. मानकऱ्यांची म्हणून खुर्ची नसावी.

शेवटीं एक युक्ति सांगतों. पाया खणण्यापूर्वीं जागेवर चुन्यानें पूर्ण आंखणी करा. भिंती, दारें, व्यासपीठ, सर्व दाखवा. मग रविवारीं सर्व मंडळीस त्या आंखणींत बसवा. एका लहान मुलीला व्यासपीठाच्या जागेवरून शास्त्रपाठ वाचावयास लावा, आणि मंडळींतील अत्यंत अशक्त मनुष्याला दाराच्या जागेवरून आंत येऊं द्या. तो कोठें अडतो, तें पाहा. चुन्याची रेघ पायानें पुसतां येते. भिंत पाडावयास पिढ्या लागतात.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या उपासनास्थानाचें दार कोणास अवघड जातें? त्याला कोणी विचारिलें आहे काय?

२. शेवटच्या रांगेंतील मनुष्यास शास्त्रपाठ ऐकूं येतो काय? पावसांत येतो काय?

३. आपल्या मंडळींत कोण कोठें बसतो, हें कशावरून ठरतें?

४. आपण नवी इमारत बांधावयास निघालों, तर आधीं कोणती भिंत काढावी लागेल?

चवथ्या प्रश्नाचें उत्तर गवंड्यास विचारूं नये. तें मंडळीनें एकत्र बसून, प्रार्थना करून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून द्यावें.